धार लावणे, धातुकर्तक हत्यारांना

धातू कापणाऱ्या हत्याराची झिजलेली कर्तनकड अपघर्षक चाकावर किंवा दगडावर घासून तिचा योग्य आकार, कोन व तीक्ष्णता परत आणण्याच्या क्रियेस धार लावणे असे म्हणतात. लेथवरील एकधारी हत्यारे, पिळाची गिरमिटे, मिलिंग यंत्रावरील बहुधारी कर्तक, आटे पाडण्याचे टॅप इ. हत्यारांना वेळोवेळी अशी धार लावावी लागते. मोठ्या कारखान्यात हे काम स्वतंत्र हत्यारखान्यात खास यंत्रांवर करतात किंवा झिजलेली धार काढून तेथे नवी बसवितात. हौशी यंत्रकाराच्या घरगुती कर्मशाळेत मात्र यंत्र चालविणारा व हत्यारास धार लावणारा माणूस एकच असतो. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे अशा लहान कर्मशाळेस उपयुक्त असणाऱ्या पद्धतींचे वर्णन केले आहे.

महत्त्व : घरगुती कर्मशाळेतील लेथ आकाराने लहान, वजनाने हलका व कमी शक्तीच्या मोटरीवर चालणारा असतो. बोथट हत्याराने धातू कापताना बळ जास्त लागते. कारखान्यातील जड लेथ हे वाढीव बळ सहन करू शकतो. लहान लेथवर मात्र हत्यार मागे रेटले जाते, बारीक कार्यवस्तू वाकते आणि कंप निर्माण होऊन तिच्या पृष्ठावर लाटांसारख्या खुणा उमटतात. शंभरांश मिलिमीटर जाडीचा शेवटचा थर काढावयाचा असेल, तर बोथट धार धातूवरून नुसती घसरते व पुढच्या फेरीत अपेक्षेपेक्षा जास्त धातू कापला जाऊन माप चुकते. अशा वेळी दोष यंत्राचा मानला जातो. पण तो पुष्कळदा हत्याराचा असतो. यंत्राच्या दृढतेत जे उणे असते त्याची भरपाई धारेने करावी लागते. म्हणूनच धार लावण्याचे कौशल्य मोठ्या कारखान्यातील कामगारापेक्षाही हौशी यंत्रकारास अधिक आवश्यक असते.

इतिहास : पूर्वी हत्यारांना वालुकाश्माच्या फिरत्या चाकावर धार लावीत. इंग्लंडमधील शेफील्ड येथील हत्यार व्यवसायात अशा चाकांपासून उडणाऱ्या सिलिकायुक्त धुळीमुळे कामगारांना फुप्फुसांचा असाध्य विकार जडत असे व अनेकांना तरुणपणीच मृत्यू येत असे. एडवर्ड ॲचिसन यांनी १८९१ मध्ये विद्युत् भट्टीत सिलिकॉन कार्बाइड तयार केले. त्यानंतर काही वर्षांतच बॉक्साइट वितळवून ॲल्युमिनियम ऑक्साइड हे कृत्रिम अपघर्षकही तयार करण्यात आले. या दोन पदार्थांच्या चाकांनी वालुकाश्माची जागा घेतली.

हत्यारांच्या पोलादातही याच सुमारास बदल झाला. साध्या कार्बनी पोलादाची धार तापली की नरम पडे. रॉबर्ट मशेट यांनी १८६८ मध्ये टंगस्टनयुक्त पोलाद तयार केले व ते हवेत निवविले तरी कठीण होते असे आढळले. फ्रेडरिक टेलर व मॉन्सेल व्हाइट यांनी अमेरिकेतील बेथलीएम येथे १८९८ नंतर विकसित केलेले उच्च वेग पोलाद १९०० सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनात दाखविण्यात आले. धारेचे टोक तापून लालसर झाले, तरी ते कापीत राहते हे पाहून प्रेक्षकांना आश्चर्य वाटले. धातुकर्तनाविषयीचा आपला प्रदीर्घ प्रबंध टेलर यांनी १९०६ मध्ये सादर केला. धार लावताना हत्यार बेसुमार तापविल्याने चांगली हत्यारे वाया जातात, या गोष्टीवर त्यात भर दिलेला आहे. कामगाराने आपल्या मताप्रमाणे धार न लावता हत्यारखान्यात ठराविक कोनांत लावलेली हत्यारेच त्याला द्यावीत, असा त्यांचा आग्रह होता.

जर्मनीत १९२० नंतरच्या दशकात टंगस्टन कार्बाइडाची हत्यारे प्रचारात आली. पुढे कार्बाइडाच्या बदलता येणाऱ्या लहान चकत्या निघाल्या आणि कारखान्यातील धार लावण्याचे काम पुष्कळ कमी झाले. हौशी यंत्रकारांत मात्र ही कला टिकून राहिली. इंग्लंडमध्ये १८९८ साली पर्सिव्हल मार्शल यांनी सुरू केलेल्या मॉडेल एंजिनियर या नियतकालिकातून वाफेच्या एंजिनांच्या प्रतिकृती करणाऱ्या हौशी लोकांना या विषयाचे मार्गदर्शन मिळत गेले. प्रा. डी. एच. चॅडॉक यांनी अभिकल्पिलेल्या क्वॉर्न या हत्यार-शाणन यंत्राची माहिती याच नियतकालिकात १९७०–८० या दशकात प्रसिद्ध झाली. ओतीव भाग विकत घेऊन ते यंत्र हौशी यंत्रकाराला आपल्या लेथवर तयार करता येते.

धारेचे कोन : धार म्हणजे नुसती तीक्ष्णता नव्हे. दाढीच्या पात्यासारखी पातळ कड पोलादात घातली, तर ती तत्काळ मोडेल. धातू कापणारी धार ही एक पाचर असते व तिच्या दोन्ही बाजूंचे कोन ठरावीक असावे लागतात. पाचरेच्या पुढच्या व बाजूच्या पृष्ठांना कार्यवस्तूपासून दूर ठेवणाऱ्या कोनास मोकळीक कोन म्हणतात. कारागीर त्यास क्लिअरन्स म्हणतात. मोकळीक नसेल तर धार कितीही तीक्ष्ण असली, तरी तिच्याखालचे पृष्ठ कार्यवस्तूवर घासते व धार धातूत शिरत नाही. ज्यावरून धातूचा कीस सरकत जातो त्या वरच्या पृष्ठाच्या उतारास उतार कोन किंवा कारागिरांच्या भाषेत रेक म्हणतात. हा कोन जितका मोठा तितके कापण्यास लागणारे बळ कमी. पण त्याबरोबर पाचर पातळ होऊन तिचे बळही घटते.

उच्च वेग पोलादाच्या हत्यारास पुढील व बाजूची मोकळीक सु. ८° ते १०° ठेवतात. बाजूचा उतार मृदू पोलादासाठी १२° ते १५°, बिडासाठी ५° ते ८° व ॲल्युमिनियमासाठी १५° किंवा अधिक असतो. पितळेसाठी तो शून्य ठेवतात. कारण उतार असलेले हत्यार पितळेत आपोआप आत ओढले जाते व कार्यवस्तू बिघडते. हत्याराचे टोक अणकुचीदार न ठेवता त्यास सु. ०·४ मिमी. त्रिज्येची गोलाई देतात. त्यामुळे टोक टिकते व पृष्ठ गुळगुळीत येते.

हे कोन चाकावर बरोबर आले, तरी हत्यार लेथवर कसे बसविले आहे यावर त्यांचा प्रत्यक्ष परिणाम अवलंबून असतो. १० मिमी. व्यासाचा दांडा कातताना धार लेथच्या मध्यरेषेच्या ०·५ मिमी. वर राहिली, तर पुढील मोकळीक सु. ५·७° ने कमी होते. म्हणजे ८° पैकी जेमतेम २·३° शिल्लक राहतात व हत्यार घासू लागते. कार्यवस्तू जितकी बारीक तितका हा परिणाम अधिक होतो. त्यामुळे धारेत दोष शोधण्यापूर्वी तिची उंची तपासणे श्रेयस्कर असते.

चाक व त्याची निवड : घरगुती कर्मशाळेत सामान्यतः १५० मिमी. व्यासाची दोन चाके असलेला बेंच ग्राइंडर वापरतात. मिनिटास २,८५० फेरे या गतीला अशा चाकाच्या परिघाचा वेग सेकंदास सु. २२ मी. असतो. पोलादी हत्यारांसाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडाची चाके घेतात. आकार देण्यासाठी ३६ ते ४६ व अखेरची धार लावण्यासाठी ६० ते ८० क्रमांकाचे कण योग्य असतात. क्रमांक जितका मोठा तितके कण बारीक असतात.

कठीण हत्यारासाठी तुलनेने मऊ श्रेणीचे चाक निवडतात, हे प्रथम विपरीत वाटते. चाकाची श्रेणी म्हणजे कणांची कठिनता नव्हे, तर बंधक पदार्थाने कण किती घट्ट धरून ठेवले आहेत त्याचे माप होय. मऊ चाकातील बोथट झालेले कण लवकर सुटून पडतात व खालचे ताजे कण उघडे होतात. कठीण श्रेणीच्या चाकात बोथट कण तसेच राहतात, चाकाचे तोंड चकाकू लागते आणि ते कापण्याऐवजी घासून उष्णता निर्माण करते. ग्राइंडरबरोबर मिळणारी करड्या रंगाची सर्वसाधारण कामाची चाके बहुधा या कारणाने हत्यारांस उपयोगी पडत नाहीत. चाकाचे तोंड हिऱ्याच्या टोकाने किंवा दातेरी चकत्यांच्या साधनाने खरवडून वेळोवेळी ताजे व सपाट करावे लागते. या क्रियेस ड्रेसिंग म्हणतात. ॲल्युमिनियम, पितळ यांसारखे मऊ धातू चाकावर घासल्यास त्याची छिद्रे बुजतात. म्हणून धार लावण्याचे चाक इतर कामांना वापरीत नाहीत.

टेकणीची योजना : नुसत्या हाताने धरून बरोबर कोन साधण्यास पुष्कळ सराव लागतो. त्याऐवजी पक्की टेकण वापरली, तर नवशिक्यासही दर वेळी तोच कोन मिळतो. टेकण आडवी ठेवून हत्यार चाकाच्या मध्यरेषेच्या वर टेकविल्यास चाकाच्या वक्रतेमुळे मोकळीक आपोआप निर्माण होते. हत्याराच्या टोकाचा मध्य चाकाच्या केंद्रापासून किती उंच असावा हे काढण्यासाठी चाकाच्या त्रिज्येस हव्या असलेल्या कोनाच्या ज्येने गुणतात. ७५ मिमी. त्रिज्या व ८° कोन यांसाठी ही उंची सु. १०·४ मिमी. येते. चाक झिजून त्याची त्रिज्या ६५ मिमी. झाली आणि उंची तीच राहिली, तर कोन सु. ९·२° होतो. पर्यायाने टेकणच हव्या त्या कोनात तिरपी करता येते. त्यासाठी पातळ पत्र्याचे किंवा लाकडाचे ठराविक कोनांचे तुकडे कापून मापपट्ट्या म्हणून जवळ ठेवतात.

लेथच्या हत्याराची कृती : प्रथम बाजूचे मोकळीक पृष्ठ, नंतर पुढचे मोकळीक पृष्ठ व शेवटी वरचा उतार घासतात. हत्यार चाकाच्या तोंडावर सतत डावीकडून उजवीकडे व उलट सरकवीत ठेवतात. एकाच जागी दाबून धरल्यास चाकात खाच पडते. पृष्ठ एकाच चकाकीचे दिसू लागले की ते धारेपर्यंत पोहोचले असे समजतात. मग टोकाची गोलाई देतात.

चाकावरून काढलेल्या धारेच्या कडेस धातूचा अतिसूक्ष्म कंगोरा उलटलेला असतो. तो तसाच ठेवला, तर पहिल्या कापातच मोडतो व धारेस दातरे पडतात. म्हणून हत्यार बारीक कणांच्या तेलपाषाणावर म्हणजे निसण्यावर हलक्या हाताने घासतात. चाकाने घासलेले पृष्ठ किंचित अंतर्वक्र असल्याने ते वरच्या व खालच्या कडांवर दगडाशी टेकते व हत्याराचा कोन न बिघडता धार घासली जाते. पुढे धार थोडी मंदावली की चाकाकडे न जाता निसण्यावरच ती अनेक वेळा ताजी करता येते. यात धातू नगण्य जातो व हत्याराचे आयुष्य वाढते. फेरधार लावताना शक्यतो मोकळीक पृष्ठच घासतात. वरचे पृष्ठ वारंवार घासल्यास टोकाची उंची कमी होऊन हत्यार पुन्हा पुन्हा उंच करावे लागते.

उष्णतेचा परिणाम : घासताना निर्माण होणारी उष्णता धारेच्या पातळ कडेत साठते. कार्बनी पोलादाच्या स्वच्छ पृष्ठावर तापमानानुसार निरनिराळे रंग उमटतात : सु. २३०° से.ला फिकट गवती, २५५° से.ला तपकिरी, २८०° से.ला जांभळा व ३००° से.ला निळा. निळा रंग आला की कठिनता इतकी घटते की, ती धार धातू कापण्याच्या कामाची राहत नाही. यालाच हत्याराचे पाणी उतरणे म्हणतात. तेवढा भाग घासून टाकणे किंवा हत्यारास पुन्हा पाणी देणे याखेरीज त्यावर उपाय नसतो. अशी हत्यारे धार लावताना क्षणोक्षणी पाण्यात बुडवून थंड ठेवतात.

उच्च वेग पोलादास कारखान्यात सु. ५५०° से. तापमानाला पाणी दिलेले असते. त्यामुळे त्यावर निळसर रंग आला, म्हणून त्याची कठिनता गेली असे होत नाही. तथापि ते फार तापलेले असताना एकदम पाण्यात बुडविल्यास धारेशी सूक्ष्म तडे जाऊ शकतात. हात भाजण्याच्या सुमारास हत्यार बाजूला घेणे किंवा ते तापण्यापूर्वीच वारंवार बुडविणे, हे दोन्ही मार्ग चालतात. हत्यार लवकर तापू लागले, तर बहुधा चाक बोथट झालेले असते किंवा दाब जास्त असतो.

पिळाची गिरमिटे : सर्वसाधारण कामाच्या गिरमिटाच्या दोन धारांमधील कोन ११८° व धारांमागील मोकळीक ८° ते १२° असते. दोन्ही धारांची लांबी व अक्षाशी होणारे कोन अगदी सारखे असणे महत्त्वाचे असते. एक धार लांब असेल, तर टोकाचा बिंदू अक्षापासून सरकतो व छिद्र गिरमिटापेक्षा मोठे पडते. कोन असमान असतील, तर एकच धार कापते, ती लवकर बोथट होते आणि गिरमिटाच्या एकाच खाचेतून कीस बाहेर येतो. यावरून दोष लगेच ओळखता येतो.

दोन धारांना मध्यभागी जोडणारी आडवी कड धातू कापीत नाही, तर तो बाजूला रेटते. गिरमिट दाबण्यास लागणाऱ्या बळापैकी फार मोठा वाटा या कडेचा असतो. गिरमिटाचा गाभा टोकाकडून दांड्याकडे जाड होत जातो. त्यामुळे पुष्कळदा धार लावून आखूड झालेल्या गिरमिटाची आडवी कड लांबलेली असते व ते दाबण्यास जड जाते. अशा वेळी चाकाच्या कोपऱ्यावर गाभा दोन्ही बाजूंनी सारखा घासून पातळ करतात.

हाताने धार लावताना गिरमिट टेकणीवर धरून दांड्याकडचे टोक खाली आणीत धारेमागचे पृष्ठ घासतात. यासाठी झोका घेणारी धारक साधनेही मिळतात. टेकणीवर सोपी जाणारी दुसरी पद्धत चार पृष्ठांची होय. तीत प्रत्येक धारेमागे सु. १०° चे अरुंद व त्यामागे सु. २५° ते ३०° चे रुंद अशी दोन सपाट पृष्ठे घासतात. चारही पृष्ठे मध्यात मिळून आडव्या कडेच्या जागी बिंदू तयार होतो व गिरमिट सुरुवातीस भरकटत नाही. अगदी बारीक गिरमिटांना ही पद्धत विशेष सोयीची असते. पितळेसाठी धारेचा वरचा कंगोरा निसण्याने किंचित सपाट करून उतार नाहीसा करतात.

बहुधारी कर्तक : एंड मिलसारख्या कर्तकाचे सर्व दात एकाच उंचीवर असावे लागतात. एक दात उंच राहिल्यास सारे काम तोच करतो. म्हणून येथे हातावर विसंबता येत नाही. चार दातांचा कर्तक चौकोनी ठोकळ्यात व तीन किंवा सहा दातांचा षट्‌कोनी ठोकळ्यात घट्ट बसवून तो ठोकळा टेकणीवरील कडेला लावतात. ठोकळ्याची एकेक बाजू फिरविली की प्रत्येक दात त्याच स्थितीत चाकासमोर येतो. टोकाकडील दातांस सु. ५° ते ६° मोकळीक देऊन त्यामागे १२° ते १५° चे दुसरे पृष्ठ घासतात. परिघावरील दात घासण्यास दातास आधार देणारे बोट व सरकता पाट असलेले यंत्र लागते. शिवाय त्या घासण्याने कर्तकाचा व्यास कमी होत असल्याने नवा व्यास मोजून त्याची नोंद ठेवावी लागते.

कार्बाइडाची हत्यारे : कार्बाइडावर ॲल्युमिनियम ऑक्साइडाच्या चाकाचा उपयोग होत नाही. त्यासाठी हिरव्या सिलिकॉन कार्बाइडाचे किंवा हिऱ्याचे चाक वापरतात. तापलेले कार्बाइड पाण्यात बुडविल्यास त्यास तडे जातात. हिऱ्याचे वेगवान चाक पोलादासाठी मात्र अयोग्य असते. कारण उच्च तापमानास हिऱ्यातील कार्बन लोहात विरघळून चाक लवकर झिजते. पोलादासाठी घन बोरॉन नायट्राइडाची चाके वापरतात. हा पदार्थ अमेरिकेत १९५७ मध्ये प्रथम तयार करण्यात आला. हाताने संथपणे घासण्यास हिऱ्याची पट्टी पोलादावरही चालते.

धारेची परीक्षा : हत्यार दिव्यासमोर धरून धारेकडे पाहिल्यास बोथट धार चमकणाऱ्या बारीक रेषेसारखी दिसते. तीक्ष्ण कडेवरून प्रकाश परावर्तित होत नसल्याने ती दिसत नाही. लहान भिंगाने ही परीक्षा अधिक खात्रीची होते. मृदू पोलाद कापताना अखंड वळ्यांचा कीस निघणे, आवाज एकसारखा येणे व पृष्ठ फाटल्यासारखे न दिसणे ही चांगल्या धारेची लक्षणे होत.

सुरक्षितता : चाक फुटून त्याचे तुकडे उडणे हा या कामातील सर्वांत गंभीर धोका होय. नवे चाक बसविण्यापूर्वी ते मोकळे टांगून लाकडी मुठीने हलकेच ठोकतात. चांगले चाक खणखणीत वाजते. बद्द आवाज आल्यास त्यास तडा गेलेला असतो व ते वापरीत नाहीत. चाकावर छापलेली कमाल गती मोटरीच्या गतीपेक्षा कमी असता कामा नये. दोन्ही बाजूंच्या तबकड्या व चाक यांमध्ये जाड कागदाच्या चकत्या ठेवतात. टेकण व चाक यांमधील अंतर ३ मिमी.पेक्षा जास्त राहिल्यास हत्यार त्यात ओढले जाऊन चाक फुटू शकते. वरच्या आवरणाची जीभ चाकापासून ६ मिमी.च्या आत ठेवतात. ग्राइंडर सुरू केल्यावर निदान एक मिनिट बाजूला उभे राहावे. सरळ चाकाच्या बाजूवर जोराने घासू नये. डोळ्यांवर संरक्षक चष्मा नेहमीच असावा. हातमोजे, सैल बाह्या व मोकळे केस चाकात ओढले जाण्याची भीती असते.

उडणारी धूळ श्वासावाटे शरीरात जाऊ देऊ नये. कार्बाइडाच्या धुळीतील कोबाल्टामुळे फुप्फुसांचा विकार होऊ शकतो. म्हणून अशा कामास धूळ खेचणारी योजना व तोंडावर योग्य गाळणी आवश्यक असते. अपघर्षक कण लेथच्या पाटांवर पडल्यास त्यांची झीज होते. यासाठी ग्राइंडर लेथपासून दूर ठेवतात. लेथवरच घासावे लागल्यास पाट पूर्ण झाकून घेतात व नंतर पुसून काढतात.

भारतातील परंपरा व उत्पादन : कुरुविंद हे नैसर्गिक अपघर्षक भारतात प्राचीन काळापासून माहीत आहे व त्याचे इंग्रजी नाव तमिळ शब्दावरून आलेले आहे. लाखेत कुरुविंदाचे चूर्ण मिसळून केलेली सहाणेची चाके येथे रत्नांना पैलू पाडण्यासाठी व शस्त्रांना धार लावण्यासाठी वापरीत. शस्त्रे घासूनपुसून लखलखीत करणाऱ्या कारागिरांना महाराष्ट्रात शिकलगार म्हणत व ते आडनाव आजही आढळते. पायाने चालविण्याचे चाक घेऊन दारोदार सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे कारागीर शहरांतून दिसतात. त्यांचे चाक व हौशी यंत्रकाराचा ग्राइंडर यांचे तत्त्व एकच आहे. आधुनिक अपघर्षक चाकांचे उत्पादन करणारी ग्राइंडवेल ही कंपनी १९४१ साली रायगड (त्या वेळचा कुलाबा) जिल्ह्यातील उरणजवळ मोरा येथे सुरू झाली. कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी १९५४ साली मद्रास (आता चेन्नई) येथे स्थापन झाली. पोलादी हत्यारांस योग्य अशी चाके त्यामुळे देशातच मिळू लागली व लहान कर्मशाळेसही ती सहज उपलब्ध झाली.